आरोग्यविमा आणि मृत्युदर : जांबोटी परिसराच्या निमित्ताने

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहर मागे टाकून सुमारे ३० किलोमीटर गेल्यानंतर जांबोटी हे खानापूर तालुक्यातील गाव लागते. येथून पुढे रान दाट होत जाते आणि पावसाचा जोर वाढत जातो. पुढील कणकुंबी येथे मलप्रभेचा उगम आहे, तर दक्षिणेकडे भीमगड अभयारण्याच्या झाडीत आमगाव, गवाळी, कोंगळा यांसारख्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. भात आणि नाचणी पिकविणारा हा मराठी भाषिक मुलूख. शेतीच्या उत्पन्नावर वर्ष निभत नाही म्हणून घरातील एखादा कर्ता पुरुष गोव्यात किंवा बेळगावात मजुरीला असतो. तालुक्याचे सरकारी रुग्णालय खानापूरला आणि मोठी रुग्णालये बेळगावात आहेत. आडवळणाच्या वस्त्यांवरून रुग्णाला डोली करून, खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून अधूनमधून येत असतात.

या परिसरात एखाद्या घरातील माणूस अवेळी दगावला, तर भेटीस येणाऱ्यांच्या तोंडी साधारणतः दोन वाक्ये येतात. कोणी म्हणतो, ‘त्याचे तेवढेच आयुष्य होते.’ दुसरा हलक्या आवाजात म्हणतो, ‘पैसा असता तर वाचला असता.’ पहिले वाक्य सांत्वनाचे आहे आणि ते तपासून पाहण्याचे कारण नाही. दुसरे वाक्य मात्र तपासता येते. गरीब कुटुंबाच्या रुग्णालयाचा खर्च शासनाने उचलला, तर त्या कुटुंबातील मृत्यू खरोखर कमी होतात काय, हा प्रश्न गेल्या काही दशकांत जगातील अनेक देशांत अभ्यासला गेला आहे. त्याचे एक बहुचर्चित उत्तर कर्नाटकातूनच मिळाले, आणि ज्या योजनेच्या अभ्यासातून ते मिळाले तिच्या क्षेत्रात बेळगाव विभागाचा, म्हणजे जांबोटीचाही, समावेश होता.

वाजपेयी आरोग्यश्री योजना

कर्नाटकात या दिशेने पहिले मोठे पाऊल सहकार खात्याच्या मार्फत पडले. सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी २००२-०३ मध्ये ‘यशस्विनी’ योजना सुरू झाली. आरंभी वर्षाला माणशी अवघे ६० रुपये भरून शस्त्रक्रियेचे संरक्षण त्यात मिळत असे. ही योजना २०१८ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन करण्यात आली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वतंत्रपणे सुरू झाली. तथापि, तिचा लाभ सहकारी संस्थेच्या सभासदापुरता होता. ज्याच्याकडे जमीन नाही, पतपेढीचे खाते नाही, असा मजूर त्या कक्षेत सहसा येत नसे.

त्यानंतर आंध्र प्रदेशात २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘आरोग्यश्री’ योजनेच्या धर्तीवर कर्नाटक शासनाने ‘वाजपेयी आरोग्यश्री’ योजना आखली आणि तिची कार्यवाही सुवर्ण आरोग्य सुरक्षा न्यासाकडे सोपविली. फेब्रुवारी २०१० पासून टप्प्याटप्प्याने ती प्रथम राज्याच्या उत्तरेकडील गुलबर्गा आणि बेळगाव या दोन महसुली विभागांत लागू झाली. लाभार्थी होती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे. त्यांच्याकडून कोणताही हप्ता घेतला जात नव्हता. वेगळी नोंदणी नव्हती, वेगळे कार्ड नव्हते. घरात असलेली दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका हाच पुरावा मानला जात असे. पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, आणि गरज भासल्यास आणखी ५० हजार रुपयांपर्यंत, उपचार मिळू शकत होते. हे पैसे रुग्णाच्या हाती न देता न्यासाकडून थेट अंगीकृत रुग्णालयाला, प्रत्येक उपचारासाठी आधी ठरलेल्या दराने, देण्यात येत.

या योजनेतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तिने सरसकट सर्व आजार अंगावर घेतले नाहीत. हृदयविकार, कर्करोग, मेंदू व मज्जासंस्थेचे विकार, मूत्रपिंड व मूत्रमार्गाचे विकार, भाजण्याच्या जखमा, अपघातातील गंभीर दुखापती आणि नवजात बालकांचे आजार या सात गटांतील मोठे, खर्चिक आणि तज्ज्ञांच्याच हातून होणारे उपचार तिने निवडले. ताप, खोकला, हगवण यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र होतेच. जे आजार गरीब घराला एका फटक्यात कर्जबाजारी करतात किंवा घरातील माणूस नेतात, त्यांच्यावर निधी एकवटावा, असा हा विचार होता.

अशा योजना कागदावर अनेकदा चांगल्याच दिसतात. दाराशी आलेला आजार हृदयाच्या झडपेचा आहे की अपचनाचा, हे मजुराला कळत नाही. त्यामुळे शहरातील मोठ्या रुग्णालयाचा दरवाजा उघडा असूनही तो तेथवर जात नाही. ही अडचण ओळखून, अंगीकृत रुग्णालयांनी ग्रामीण भागात आरोग्य शिबिरे भरवावीत, तेथे रुग्ण तपासावेत आणि ज्यांना मोठ्या उपचाराची गरज आहे त्यांना पुढे न्यावे, अशी व्यवस्था योजनेत करण्यात आली होती. कागदपत्रे आणि रुग्णालयातील सोपस्कार यांसाठी ‘आरोग्यमित्र’ नेमण्यात आले. शिबिराच्या मांडवात छातीला यंत्र लावून घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या आजाराचे नाव प्रथमच कळत असेल, तर त्याच्या बाबतीत विम्याचे खरे काम त्या मांडवातच सुरू होते.

एका सीमारेषेचा उपयोग

मृत्युदरावर विम्याचा परिणाम झाला की नाही, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. योजनेपूर्वी इतके मृत्यू, योजनेनंतर इतके, अशी वजाबाकी करून चालत नाही. कारण मधल्या काळात रस्ते होतात, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते (कर्नाटकात ती नोव्हेंबर २००८ पासून आहे), पीकपाणी बदलते. विमा घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी करणेही फसवे ठरते. जो आजारी आहे तो विमा आधी घेतो. मग विमाधारकांतच मृत्यू अधिक दिसतात आणि विम्यानेच माणसे मरतात असा विपरीत निष्कर्ष निघू शकतो. याउलट, जो जागरूक आणि सुस्थितीत आहे तोच विमा घेत असेल, तर विम्याला नसलेले श्रेय मिळते.

योजना राज्याच्या अर्ध्या भागात आधी आणि उरलेल्या भागात नंतर, म्हणजे २०१२ मध्ये, सुरू झाल्यामुळे कर्नाटकात अभ्यासकांना एक दुर्मीळ संधी मिळाली. बेळगाव व गुलबर्गा विभागांची दक्षिण सीमा जेथे संपते, तेथे रेषेच्या अलीकडील गावात योजना होती आणि पलीकडील गावात नव्हती. दोन्ही गावांतील माती, पीक, भाषा, घरांची रचना, दारिद्र्य सारखेच. गावकऱ्यांनी ही रेषा स्वतः निवडलेली नव्हती. ती महसूल खात्याच्या जुन्या नकाशावर होती. सीमा म्हटली की जांबोटीच्या माणसाला एकच सीमा आठवते आणि तिच्यावरून झालेले वादही आठवतात. ही दुसरी, तुलनेने अपरिचित रेषा मात्र काही काळ जीवनमरणाची रेषा ठरली होती काय, हे पाहण्याची वेळ अभ्यासकांवर आली.

नीरज सूद, अर्णब मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास केला आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात तो सप्टेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रेषेच्या योजनेकडील बाजूची ३०० गावे आणि दुसऱ्या बाजूची, त्यांच्याशी जुळणारी २७२ गावे निवडण्यात आली. योजनेच्या गावांतील ३१,४७६ आणि योजना नसलेल्या गावांतील २८,६३३ कुटुंबांपर्यंत सर्वेक्षण पोहोचले. घरात कोणाचा मृत्यू झाला काय, झाला असल्यास कशाने, कोणी रुग्णालयात होते काय, किती पैसे खर्च झाले, असे प्रश्न विचारण्यात आले.

ज्या आजारांवर योजनेतून उपचार मिळू शकत होते त्यांनी, म्हणजे प्रामुख्याने हृदयविकार आणि कर्करोगाने, झालेल्या मृत्यूंचे प्रमाण योजनेच्या गावांतील दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत ०.३२ टक्के आढळले. रेषेपलीकडील तशाच कुटुंबांत ते ०.९० टक्के होते. हा फरक जवळजवळ दोन तृतीयांशाचा, अचूक सांगावयाचे तर ६४ टक्क्यांचा आहे.

एवढ्यावर थांबले असते तर शंकेला जागा राहिली असती. कदाचित उत्तरेकडील गावेच मुळात निरोगी असतील, असे कोणी म्हणाले असते. म्हणून अभ्यासकांनी आणखी दोन कसोट्या लावल्या. पहिली दारिद्र्यरेषेवरील कुटुंबांची. ती त्याच गावात राहतात, तेच पाणी पितात, पण त्यांना ही योजना लागू नव्हती. त्यांच्या बाबतीत रेषेच्या दोन बाजूंत मृत्युदराचा लक्षणीय फरक आढळला नाही. दुसरी कसोटी योजनेबाहेरील आजारांची. त्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंतही फरक आढळला नाही. फरक दिसला तो ज्यांना योजना होती त्यांच्यात आणि ज्या आजारांना ती लागू होती त्यांच्यात. संख्याशास्त्राच्या भाषेत याहून अधिक बोलका पुरावा, चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाखेरीज, क्वचितच मिळतो.

खर्चाच्या बाबतीतही असेच घडले. योजनेत येऊ शकतील अशा मोठ्या रुग्णालयातील उपचारांवर कुटुंबाच्या खिशातून होणारा खर्च योजनेच्या गावांत बराच कमी आढळला. याच गटातील अभ्यासकांनी पुढे, २०१६ मध्ये, प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या लेखानुसार योजनेच्या गावांतील रुग्णांना रुग्णालयातून परतल्यानंतर जंतुसंसर्गाचा आणि पुन्हा दाखल होण्याचा त्रास कमी झाला होता, आणि आजाराची लक्षणे दिसताच डॉक्टरकडे जाण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. पैसे नसले की जखम भरण्यापूर्वीच घरी नेण्याची घाई होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पहिल्या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही.

आकड्यांची भुरळ पडू नये म्हणून एक गोष्ट येथेच सांगणे आवश्यक आहे. ६४ टक्के ही घट फार मोठी आहे. रुग्णालयांच्या वापरात झालेली वाढ पाहता ती सहजी उलगडत नाही. कारण वापर वाढल्याचे दिसले, तरी ती वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर खात्रीची ठरली नाही आणि हे अभ्यासकांनी स्वतःच नमूद केले. मृत्यूचे कारण घरच्या माणसांनी सांगितलेले होते. ते प्रत्येक वेळी वैद्यकीय दाखल्याशी जुळेलच असे नाही. त्यामुळे योजनेने मृत्यू कमी केले, हे या अभ्यासावरून म्हणता येते. नेमके किती कमी केले, याबद्दल हात आखडता ठेवूनच बोलावे.

त्याच राज्यातील वेगळा अनुभव

विम्याच्या बाजूचा हा पुरावा समोर ठेवताना विरुद्ध बाजूचा पुरावाही ठेवणे क्रमप्राप्त आहे. आणि तोही कर्नाटकातीलच आहे. केंद्र शासनाने २००८ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळत. तिच्या उपयोगाची परीक्षा पाहण्यासाठी अनुप मलानी आणि सहकाऱ्यांनी म्हैसूर व गुलबर्गा भागांत मोठा प्रयोग केला. दारिद्र्यरेषेवरील सुमारे ११ हजार कुटुंबांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करण्यात आली. काहींना विमा मोफत मिळाला, काहींना तो विकत घेण्याची संधी देण्यात आली, काहींना विकत घेण्याच्या संधीबरोबर रोख रक्कमही मिळाली आणि काहींना काहीच नाही.

मोफत विमा देऊ केलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के आणि विकत घेण्याची संधी मिळालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के कुटुंबांनी तो घेतला. म्हणजे लोकांना विमा नको होता, असे मुळीच नाही. परंतु तो वापरू पाहणाऱ्या अनेकांना तो वापरता आला नाही. कार्ड हाती असूनही उपचार मिळेपर्यंतच्या वाटेत कोठेतरी अडथळा आला. शेजाऱ्याने वापरला की मग दुसरा वापरू लागे, असेही आढळले; खेड्यातील माहितीचा खरा मार्ग कोणता, ते यावरून दिसते. अखेरीस आरोग्याच्या बहुविध निकषांवर विमा असलेल्या आणि नसलेल्या कुटुंबांत लक्षणीय फरक आढळला नाही.

एकाच राज्यात दोन सरकारी विमा योजना, आणि दोन भिन्न निष्कर्ष. या विसंगतीचा उलगडा योजनांच्या घडणीत शोधावा लागतो. एका योजनेने ३० हजारांच्या मर्यादेत किरकोळ व मध्यम उपचार दिले. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचा संपूर्ण उपचार त्या रकमेत बसत नाही. दुसरीने नेमके जीवघेणे आजार निवडले. एकीत नवे कार्ड काढावे लागे आणि ते यंत्रात चालावे लागे. दुसरीत घरातील शिधापत्रिका पुरत असे. एकीत रुग्णाने रुग्णालय शोधावयाचे होते. दुसरीत रुग्णालयाने गावात येऊन रुग्ण शोधावयाचा होता. शिवाय एका अभ्यासातील कुटुंबे दारिद्र्यरेषेवरील होती, दुसऱ्यातील खालची. जो आधीच कसाबसा डॉक्टरपर्यंत पोहोचत होता त्याला विम्याने फारसे काही दिले नाही. जो पोहोचतच नव्हता त्याला दिले, असा याचा एक अर्थ लावता येईल.

परदेशांतील अनुभवही याला पुष्टी देणारा आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात २००८ मध्ये गरिबांच्या सरकारी विम्याच्या जागा मर्यादित असल्याने सोडत काढावी लागली. सोडतीत विमा मिळालेल्यांचे नैराश्य कमी झाले, दवाखान्याच्या बिलापायी होणारी ओढाताण थांबली; पण दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा मोजमापांत खात्रीने सांगण्याइतका बदल आढळला नाही. मृत्यू ही, सुदैवाने, विरळ घटना असल्याने काही हजार माणसांच्या अभ्यासात मृत्युदरातील बदल सहसा पकडता येत नाही. तो पकडण्यासाठी संख्या लाखांत असावी लागते. ती संधी पुढे त्याच देशाच्या आयकर खात्याने, काहीशी अनपेक्षितपणे, मिळवून दिली. विमा नसल्याबद्दल दंड भरलेल्या सुमारे ४५ लाख कुटुंबांना विम्याची माहिती देणारी पत्रे पाठविण्याचे ठरले. सर्वांना पुरेल इतकी तरतूद नव्हती म्हणून चिठ्ठ्यांच्या पद्धतीने ३९ लाखांना ती गेली, उरलेल्यांना गेली नाहीत. पत्र मिळालेल्यांत विमा घेण्याचे प्रमाण वाढले आणि ४५ ते ६४ वयोगटात, पुढील दोन वर्षांत, पत्र मिळालेल्या दर १,६४८ व्यक्तींमागे एक मृत्यू कमी झाल्याचे आढळले. एका साध्या पत्राचा हा परिणाम! सरकारी पत्रव्यवहाराविषयी आपल्याकडे जे सर्वसाधारण मत आहे, त्याच्याशी तो जुळत नाही एवढे खरे.

आजची स्थिती आणि जांबोटीचा रस्ता

वाजपेयी आरोग्यश्री योजना आता त्या नावाने अस्तित्वात नाही. मार्च २०१८ मध्ये ‘आरोग्य कर्नाटक’ योजना आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडण्यात आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. त्यावरील कुटुंबांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के साहाय्य, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, देण्याची तरतूद करण्यात आली. प्रथम सरकारी रुग्णालयात जावयाचे आणि तेथे उपचार नसेल तर त्यांच्या शिफारसपत्रावर अंगीकृत खासगी रुग्णालयात, असा हा क्रम आहे. अपघात, हृदयविकाराचा झटका अशा तातडीच्या ठरावीक प्रसंगी शिफारसपत्राची अट नाही. ही शेवटची गोष्ट गावोगाव ठाऊक असणे अगत्याचे आहे. शिफारसपत्रासाठी उलट दिशेला धावण्यात वेळ जाऊ नये.

जांबोटीसारख्या ठिकाणी आणखी एक प्रश्न उद्भवतो तो राज्यांच्या हद्दींचा. कणकुंबीच्या पुढे घाट उतरला की गोवा लागतो. कामाला गेलेला माणूस तेथे आजारी पडला तर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय त्याला जवळ असते. तेथे २०१८ पासून गोव्याबाहेरील रुग्णांसाठी शुल्क लागू करण्यात आले. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांतील रहिवाशांना महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचे २०२३ मध्ये ठरविले. त्यावरून दोन राज्यांत वाद झाला. वादाचा निकाल काही लागो, रुग्णाच्या घरच्यांना मात्र कोणते कार्ड कोठे चालते याची विचारपूस आजार येण्यापूर्वीच करून ठेवावी लागते.

विम्याने पैशाचे अंतर कमी होते. रस्त्याचे अंतर तेवढेच राहते, आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात अनेक मृत्यूंचे कारण ते दुसरे अंतर आहे. सर्पदंशाचे उदाहरण घ्यावे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील. सर्पविषावरील लस सरकारी दवाखान्यात मिळते, तिला विम्याची गरज पडत नाही. गरज असते ती रुग्ण वेळेत, मांत्रिकाकडे न जाता, तेथे पोहोचण्याची. सर्पदंश कोठे किती होतात याची नोंदच पुरेशी होत नव्हती, म्हणून कर्नाटक शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला.

रक्तदाब आणि मधुमेह यांची गोष्ट अधिक अवघड. त्यांच्या गोळ्या रोज, आयुष्यभर घ्याव्या लागतात. रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होणाऱ्या विम्यात त्या येत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात, पण भाताच्या लावणीच्या दिवसांत अर्धा दिवस मोडून गोळ्या आणण्यास कोण जातो? महिना-दोन महिने खंड पडतो. त्याच माणसाला पुढे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येतो आणि मग पाच लाखांचा विमा कामास येतो. देशात आरोग्यावरील एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आल्याचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. उरलेल्या त्या वाट्यात औषधगोळ्यांचा भार मोठा आहे.

हृदयविकाराच्या झटक्यात तर घड्याळच सर्व काही ठरविते. रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी जितक्या लवकर विरघळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच उत्तम काम करते, आणि बाजारात त्याला हजारो रुपये पडतात. या दृष्टीने कर्नाटकात २०२३ पासून सुरू झालेली डॉ. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजना विम्याला पूरक म्हणावी अशी आहे. तालुका आणि जिल्हा पातळीवरील सरकारी रुग्णालयांत छातीत कळ येणाऱ्या रुग्णाचा हृदयालेख लगेच काढावयाचा, तो जयदेव हृदयविज्ञान संस्थेसारख्या मोठ्या केंद्रांतील तज्ज्ञांना पाठवावयाचा, आणि त्यांनी निदान पक्के करताच ते इंजेक्शन तेथेच, मोफत द्यावयाचे, अशी तिची पद्धत आहे. रुग्ण स्थिर झाल्यावर त्याला मोठ्या रुग्णालयात हलविले जाते, आणि तेथून पुढील अँजिओप्लास्टी किंवा शस्त्रक्रियेचा खर्च विम्याकडे जातो. जांबोटीहून खानापूरचे रुग्णालय बेळगावपेक्षा जवळ आहे. छातीत दुखू लागल्यावर ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरात काढलेला पहिला तास आणि आडवस्तीवरून मुख्य रस्त्यापर्यंत येण्यास लागलेला दुसरा तास, हे दोन तास मात्र कोणत्याही योजनेच्या हिशेबात अद्याप आलेले नाहीत.